पुढच्याने मागच्याकडे बघायचं

९ नोव्हेंबर

कोचबाई म्हणाल्या, रोज दोन ओळी लिहीत जा काका. किती वल्हवलं, कसं वाटलं, झोप कशी लागली. दोन ओळींत मावणारा माणूस मी नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. सगळी नोकरी दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली. काट्यासमोर तोंड मिटून बसावं लागतं, नुसत्या श्वासानेही तो हलतो. त्या सगळ्या वर्षांचं बोलणं साठून राहिलंय.

आजपासून हिवाळी सराव सुरू झाला. मार्चमध्ये शर्यत आहे, एकट्याने वल्हवायच्या होडीची, पासष्टीच्या वरच्यांसाठी. आमच्या क्लबातून त्या गटात एकच जण पाठवतात आणि कित्येक वर्षं तो एकच जण म्हणजे बगळा. बगळा माझा शाळेपासूनचा दोस्त. उंच, मान पुढे काढून चालणारा, अवाक्षर न काढता पाण्याकडे बघत उभा राहणारा. हे नाव बहुधा मीच ठेवलं असेल. धंद्याने सुतार. बोटघरातल्या होड्या ठेवायच्या घोड्या सगळ्या त्यानेच केलेल्या आहेत.

यंदा त्याला हरवायचं. इथे लिहून ठेवतो, म्हणजे मग माघार घ्यायची सोय नाही.

सप्टेंबरात मला बाथरूममध्ये चक्कर आली होती. डॉक्टरांनी तिला काहीतरी भारदस्त नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, नदीवर जायचं विसरा. त्यांच्या खोलीतला वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवतो, हे मला पहिल्याच भेटीत कळलं होतं. तेव्हा त्यांचं किती मनावर घ्यायचं ते मी ठरवलं.

माझी बायको मात्र आठवडाभर माझ्याशी धड बोलत नव्हती. मग परवा एकदम म्हणाली, "जा. पण भावजी बरोबर असतील तरच." ती बगळ्याला भावजी म्हणते. एवढ्या वर्षांच्या संसारात हिने इतक्या लवकर हार मानल्याचं मला आठवत नाही.

१३ नोव्हेंबर

पहाटे पाण्यावर वाफ होती. धक्क्याच्या फळ्या ओल्या आणि निसरड्या. होडी डोक्यावर घेऊन उतरताना माझा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. ते दार मुळात अरुंद आहे.

कोचबाईंनी हिवाळ्याचा नियम पुन्हा सांगितला. थंडीत एकट्याने पाण्यावर जायचं नाही, दोन-दोन होड्यांनी जायचं. आणि पुढच्याने मागच्याकडे बघायचं. आपण वल्हवतो ते पाठमोरे, जायचं असतं त्या दिशेला पाठ करून. त्यामुळे पुढे असतो त्याला मागचा समोर दिसतो आणि मागे असतो त्याला पुढचा दिसतच नाही, मान वळवल्याशिवाय. म्हणून जो पक्का असेल त्याने पुढे राहायचं.

आमच्या जोडीत बगळा पुढे, मी मागे. कुणी मला विचारलं नाही.

सगळा वेळ माझ्यासमोर माझ्याच होडीचं शेपूट, मागे पडत जाणारा काठ आणि मी उठवलेले भोवरे. बगळ्याचा फक्त आवाज येतो. वल्हं पाण्यात शिरल्याचा, बैठक रुळावरून सरकल्याचा, आणि मधूनमधून, "डावीकडे चाललास." आज हे निदान दहा वेळा ऐकलं. मान वळवून बघावं तर हा माझ्याकडेच बघत असतो.

२२ नोव्हेंबर

होडी डावीकडे ओढते आहे. माझ्या डाव्या बाजूला, सारखी.

असला दोष शोधणं हा माझा हातचा मळ. काटा एका बाजूला झुकला की आधी पारडी तोलायची, मग दांडी, मग टेकू. वल्ही घरी आणून माझ्या जुन्या काट्यावर ठेवली. दोन्ही सारखी, चमचाभर साखरेचाही फरक नाही. मग दोष वल्ही अडकवायच्या चौकटीत असणार. आज दुपारी बोटघरात ती चौकट सोडवली, पुसली, परत बसवली. बगळा पाणसळ घेऊन आला आणि तिच्यावर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध.

"होडी ठीक आहे," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता पाण्याकडे बघत बसला. मी म्हटलं, सुताराला लाकडातलं कळतं, तोलातलं नाही. तो हसला. त्याला राग येत नाही ही त्याची जुनी खोड.

१ डिसेंबर

हिला एक नवीन सवय लागली आहे. जेवताना मध्येच माझं ताट अर्धं फिरवते. मी जेवण संपवून हात धुवायला उठणार, तेवढ्यात ही ताट फिरवते आणि बघतो तर भाजी तशीच. मी म्हटलं, हा काय चमत्कार, तू गुपचूप वाढतेस की काय. म्हणाली, "असंच." उतारवयात माणसं काहीतरी खुळं घेऊन बसतात. हिचं खूळ निदान पोटात जाणारं आहे.

७ डिसेंबर

आज घड्याळ लावून पहिली चाचणी. पुलापासून वळणापर्यंत आणि परत.

मी बगळ्याच्या मागे जेमतेम दोन होड्यांच्या अंतराने आलो. मागच्या वर्षी हा पुलाखालून गेला की वळणाआड दिसेनासा व्हायचा. किनाऱ्याला लागलो तेव्हा माझ्या घशातून शिट्टी वाजत होती, त्याला साधी धापही नव्हती. पण धाप लागत नाही याचा अर्थ जोर लावलेला नाही, आणि जोर लावला नाही याचा अर्थ लावता येत नाही. वय झालं त्याचं. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.

मनातून थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण थोडंच.

एक गोष्ट मानली पाहिजे. पूल आला की त्याची मान वळते ती वळतेच. आधी एकदा लांबून, मग जवळ आल्यावर पुन्हा. पुलाच्या खांबांनी इथे बऱ्याच जणांच्या होड्या फोडल्या आहेत, त्याच्या होडीला ओरखडाही नाही. बोटघरात येणाऱ्या नव्या माणसाला तो दुसरं काही शिकवत नाही, एवढंच शिकवतो. पुलाआधी दोनदा मान वळवायची.

१५ डिसेंबर

मुलगी आली होती, एक दिवस राहून गेली. ती मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. आल्या आल्या म्हणाली, "बाबा, एक गंमत करू. डोळे मिटा, दोन्ही हात पुढे धरा, तळवे वर." मी धरले. म्हटलं, खाऊ देतेस का काय. हातावर काही पडेना. डोळे उघडले तर ती माझ्या हातांकडे नाही, आईकडे बघत होती.

मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडून ठेवला होता आणि भांड्यांचा आवाज मात्र येत नव्हता. एरवी पाण्याच्या थेंबाथेंबासाठी ही माझा जीव खाते.

जाताना मुलगी म्हणाली, आणखी एकदा तपासून घेऊ या, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. मी म्हटलं, मार्चनंतर. तिने वाद घातला नाही, माझ्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं आणि गेली. हल्लीची बटणं भारीच बारीक करतात.

४ जानेवारी

धक्क्याच्या फळ्यांवर दव गोठलं, पाय ठरेना. आठवडाभर नदी बंद, बोटघरात वल्हवायच्या मशीनवरच सराव.

मशीन मला मानवलं. पट्टा एकच असतो, दोन्ही हातांनी ओढायचा, डावं-उजवं काही नाही, कुणी मागून ओरडायला नाही. आकडे चांगले आले. कोचबाई म्हणाल्या, पाय दणकट आहेत काका तुमचे.

कपडे बदलून येत होतो तेव्हा बगळा मशीनवर एकटाच होता. त्याला वाटलं असावं, सगळे गेले. असा ओढत होता की मशीनचं चाक घोंघावत होतं आणि खालच्या फळ्या थरथरत होत्या. आकडा बघून मी जागच्या जागी थांबलो. हा तरण्या माणसाचा आकडा. मला बघितल्यावर त्याने हात सैल सोडले आणि टॉवेलने तोंड पुसायला लागला.

घरी येईपर्यंत विचार करत होतो. मिनिटभर कुणीही जोर दाखवू शकतं, टिकवता आला पाहिजे. नदीवर टिकत नाही, हे मी स्वतः बघतोय.

२० जानेवारी

बगळ्याशी वाजलं. खरं म्हणजे मीच वाजवलं, तो वाजत नाही.

आज पुन्हा सगळा वेळ डावीकडे, डावीकडे. वळणावर होड्या थांबवल्या तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडे काय बघत असतोस दिवसभर? तो म्हणाला, "नियम आहे." मी म्हटलं, मग मला पुढे जाऊ दे, मी बघतो तुझ्याकडे. तो नाही म्हणाला. नुसतं नाही, कारण नाही, काही नाही. मग माझी जीभ सुटली. म्हटलं, तुला आता जिंकायला माझ्या दमलेल्या तोंडाकडे बघावं लागतं, त्यावर जोर चढतो तुला. अंतरही वाढवत नाहीस, म्हणजे मला पुरतं खेळवता येतं.

त्याने वल्ही सरळ केली. म्हणाला, "थंडी वाढतेय. चल." धक्क्यावर आल्यावर माझ्या जाकिटाची साखळी अडकली होती, ती त्याने पुढे होऊन लावली. मी त्याचा हात झटकला. मी काय तान्हं मूल आहे?

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "भावजींशी असं बोलू नका हो." आणि तिचा आवाज बसला. हिला सर्दी झाली आहे.

२ फेब्रुवारी

मी आंघोळीला गेलो की फोन वाजतो. रोज. ही सांगते, भावजींचा होता, कुंड्यांबद्दल विचारत होते. बगळ्याकडे एकच कुंडी आहे आणि तिच्यातलं रोप गेल्या उन्हाळ्यातच गेलं. म्हातारपणी बागकामाचं वेड लागत असेल.

सकाळी परत आलो की ही खिडकीत उभी असते. चहा गार झालेला, तसाच हातात.

९ फेब्रुवारी

धुकं. गेलो नाही. दिवसभर दाढ दुखली.

१२ फेब्रुवारी

निवडीची चाचणी पुढच्या आठवड्यात. डावा बूट बांधताना नाडी तीनदा सुटली, तेवढ्यावर एवढा चिडलो की बूट फेकला. हिने तो उचलून आणला, खाली बसून बांधला आणि उठलीच नाही लवकर. म्हणाली, "या वर्षी राहू द्या ना." मी म्हटलं, पुढच्या वर्षी मी असेन कशावरून. म्हणजे माझ्या बोलण्याचा अर्थ एवढाच होता की आता नाही तर कधीच नाही. या नदीवर मी कायम दुसरा आलो. दुकानात काटे दुरुस्त केले तेही दुसऱ्यांचे. एकदा, फक्त एकदा धक्क्यावर आधी यायचं आहे, आणि मागे वळून नाही, समोर बघायचं आहे, तो येताना.

हे तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं बहुतेक.

१८ फेब्रुवारी

परवाचं आज लिहितो. काल पेन धरवला नाही.

धुकं होतं, पण पातळ, काठ दिसत होता. कोचबाई मोटारबोटीत दुसऱ्या जोडीबरोबर खालच्या अंगाला होत्या. आम्ही दोघं पुलाकडे निघालो. बगळा पुढे.

मी त्या दिवशी ठरवूनच आलो होतो. पुलाच्या अलीकडे जीव खाऊन ओढायला लागलो. बगळा ओरडत होता, डावीकडे, डावीकडे चाललास. आधी आवाज माझ्या पाठीमागून येत होता, मग उजवीकडून, मग लांबून. मी लक्ष दिलं नाही. मला वाटलं, घाबरला. मान वळवली नाही, एकदाही नाही. डोक्यावर एकदम अंधार झाला, पाण्याचा आवाज बदलला, आणि कळलं की मी पुलाखाली आहे. मधल्या कमानीतून जायचं असतं, मी डाव्या कमानीत शिरलो होतो. कसा शिरलो, खांब कसा चुकला, माहीत नाही.

त्याच वेळी उजव्या बाजूला मोठा आवाज झाला, लाकूड मोडल्याचा.

मी पुलापलीकडे निघालो आणि मला बगळा दिसला. म्हणजे मी त्याच्या पुढे होतो. इथे खोटं लिहायचं असेल तर लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच. मी पुढे आहे.

मग दिसलं की त्याची होडी उलटी झाली आहे आणि तो दोन कमानींमधल्या खांबाजवळ पाण्यात आहे.

मी थांबलो, मागे रेटत गेलो. त्याने स्वतःची होडी सोडली, कसेबसे हात मारले आणि माझ्या होडीच्या शेपटाला दोन्ही हातांनी लटकला. आम्ही वल्हवतो तेव्हा शेपूट समोर असतं. म्हणजे तो माझ्या समोरच होता. टोपी गेली होती. कपाळावर रक्त होतं, थोडंसंच. मी कोचबाईंच्या नावाने ओरडलो, बगळ्याला म्हटलं, घट्ट धर, आणि काठाकडे वल्हवायला लागलो.

होडी वळली. पुन्हा ओढली, पुन्हा वळली. काठ समोर यायचा आणि निघून जायचा, पूल यायचा आणि निघून जायचा. एकाच जागी आम्ही गोल फिरत होतो. मी म्हटलं, तुझ्या वजनाने शेपूट दबतंय. त्याचे दात वाजत होते. म्हणाला, "डावा हात ओढ."

"ओढतोच आहे."

"नाही ओढत आहेस रे," तो म्हणाला. "हाताकडे बघ."

मी बघितलं. हात दांड्यावर होता, माझाच हात, आणि वल्हं पाण्यावर नुसतं पडलं होतं. मी जोर लावला. मला वाटत होतं मी लावतोय. हात थोडा आला आणि थांबला.

बगळा घाबरला नाही. घाबरायला मीच होतो. हळूहळू, एकेक शब्द मोजत म्हणाला, "उजवा कमी कर. डाव्याइतकाच. तुझ्या पारड्यांसारखं."

मग मी तसं केलं. जो हात चांगला होता त्याचा जोर काढून घेतला, दुसऱ्याइतकाच ठेवला. होडी सरळ झाली. सरळ, पण इतकी हळू की पुढे जातोय हे काठावरच्या एका झाडाकडे बघितलं तरच कळत होतं. मध्ये हातावरचा ताबा सुटून उजवा जास्त लागायचा, की तो म्हणायचा, कमी. तो माझ्याकडे बघत होता. नजर काढत नव्हता. मला वाटतं काठाच्या बरंच अलीकडे त्याने "कमी" म्हणायचं थांबवलं, आणि मी ते ऐकू आलं असं धरून वल्हवत राहिलो.

मोटारबोट आली तेव्हा त्याचे हात शेपटावर तसेच होते, घट्ट. कोचबाईंना एकेक बोट सोडवावं लागलं.

त्याला नेलं होतं त्या मोठ्या हॉस्पिटलातून आज दुपारी मुलीचा फोन आला. हिने घेतला आणि फोन हातात धरूनच जमिनीवर बसली.

१९ फेब्रुवारी

बगळ्याला पोचवून आलो.

२६ फेब्रुवारी

बोटघरात गेलो होतो. कोचबाईंना म्हटलं, माझं नाव काढा. निवडीत बगळ्याची जागा रिकामी ठेवा, मला त्याच्या मरणाने मिळालेली शर्यत नको.

त्या होडीला फडका मारत होत्या, तो थांबवला. म्हणाल्या, "त्यांनी यंदा नावच दिलं नव्हतं, काका. नोव्हेंबरपासून तुमचं एकट्याचंच नाव आहे त्या गटात."

मी म्हटलं, मग तो रोज कशाला यायचा? त्यांनी फडका पुन्हा उचलला. घरी विचारा, एवढंच म्हणाल्या.

घरी विचारलं. ही कपडे वाळत घालत होती. हातातला शर्ट तसाच पिळत राहिली, पाणी निघायचं थांबलं तरी.

"मीच गेले होते भावजींकडे," ती म्हणाली. "त्या डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं मला, तुमची डावी बाजू तुम्हाला कळत नाही म्हणून. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही काट्याचं सांगत बसलात. अडवलं असतं तर एकटे गेला असता. मी त्यांना म्हटलं, भावजी, तुम्ही पुढे राहा आणि यांच्यावरची नजर काढू नका."

मग शर्ट दोरीवर टाकला. चिमटा लावला.

"आणि त्यांनी नाही काढली," ती म्हणाली.

पुलाआधी दोनदा मान वळवायची. जन्मभर वळवली त्याने. त्या दिवशी मी धुक्यात डावीकडे दिसेनासा व्हायला लागलो, म्हणून तोही माझ्या बाजूला सरकला असणार, मी दिसावा म्हणून. पूल जवळ आला होता हे त्याला माहीत होतं. मान वळवली असती तर तेवढा वेळ मी नजरेआड झालो असतो.

पूर्ण हिवाळा तो माझ्या वेगाने वल्हवला. मला वाटलं, मी त्याला गाठत आणलंय.

२७ फेब्रुवारी

आरशासमोर उभा राहिलो. मुलीने सांगितलं होतं तसे दोन्ही हात पुढे धरले, तळवे वर. डोळे मात्र उघडे ठेवले. डावा हात हळूहळू खाली गेला, आतल्या बाजूला वळत. खाली जातोय हे मला आरशात दिसत होतं, अंगाला काही कळत नव्हतं. दाढीही डाव्या गालावर तशीच राहिलेली होती. किती दिवस, कोण जाणे.

लोकांच्या काट्यांत केसभर खोट असली तर मी दुकानात पाऊल टाकताच ओळखायचो.

हिला हाक मारली आणि म्हटलं, चल, ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊ. ती लगेच निघाली. चपला दाराशीच तयार होत्या, माझ्याही.

२१ मार्च

शर्यत झाली. आमच्या क्लबातून पासष्टीच्या वरचं कुणी गेलं नाही.

मला आता पाण्यावर जायला बंदी आहे आणि मी ती पाळतो. सकाळी ही आणि मी पुलापर्यंत चालत जातो. ती माझ्या डाव्या बाजूने चालते. पहिल्या दिवशी मला वाटलं सहज, आता कळतं की सहज नाही. खांब तिथेच आहे. पाण्याच्या जरा वर दगडावर लाल रंगाचा एक ओरखडा आहे, त्याच्या होडीचा.

कोचबाईंना म्हटलं होतं, मी पुलावर उभा राहत जाईन, होड्या आल्या की आवाज देईन, खांब आहे म्हणून. त्या बरं म्हणाल्या. पण कुणाला माझी गरज पडत नाही. सगळ्यांच्या माना आपोआप वळतात, लांबून एकदा, जवळ आल्यावर पुन्हा. बगळ्याने शिकवलेले आहेत.

पुलावरून एक गोष्ट दिसते जी होडीतून कधी दिसली नव्हती. येताना सगळ्यांची माझ्याकडे पाठ असते. मी वर उभा आहे हे त्यांना माहीत नसतं, ते खांबाकडे बघतात, वर बघत नाहीत. कमानीखालून पलीकडे निघाले की मग त्यांना मी दिसतो, आणि तोवर ते पुढे गेलेले असतात, थांबता येत नाही, हात करता येत नाही, दोन्ही हातांत वल्ही असतात. नुसते बघत बघत लांब जातात.

आज मी हात वर केला. डावा करायचा होता. खांद्यापर्यंत आला असं मला वाटलं. हिला विचारलं, आला का वर. ती म्हणाली, "नाही हो." मग तिने तो मनगटाला धरून वर केला, आणि होडी वळणाआड जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.